कोळ्यांसाठी पेस्ट कंट्रोल करून घेतलं : कशाचे पैसे वसूल झाले आणि कशाचे नाही

लातूरला ट्युशन एरियात ज्यांची घरं आहेत आणि ज्यांची लेकरं इथं रूम करून राहायलीत, त्या सगळ्यांसाठी जरा सविस्तर लिहितेय, कारण ही माहिती आधी कुणी दिली असती तर मला फार बरं झालं असतं. आमच्या वरच्या मजल्यावरच्या खोल्या आम्ही मुलींना भाड्यानं देतो, सगळ्या नीट (NEET), म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या तयारीवाल्या, कुणी नांदेडची कुणी अंबाजोगाईची. यंदा पावसाळ्याच्या तोंडाला हिंगोलीकडची एक मुलगी आली, हुशार आणि शांत, पण कोळी दिसला की तिचं अंग कापायला लागायचं. बाथरूमच्या भिंतीवर मोठा कोळी बसलेला असला तर ती रात्रभर बाथरूमला जायची नाही, पाणीच कमी प्यायची, आणि मग उन्हाळी लागून आजारी पडायची. तिच्या वडिलांचा फोन आला, ताई काहीतरी करा, पोरगी झोपंना झालीय. त्या माणसाचा आवाज ऐकून मी त्याच दिवशी पेस्ट कंट्रोलवाल्यांना फोन लावला.

कंपनीचं नाव घेणार नाही. एका घरच्या अनुभवावरून कुणाची रोजीरोटी बिघडवायची नाही, आणि तशीही ही बोलायची पद्धत एकट्या त्यांचीच नाही, गल्लीतल्या दोन-तीन घरांनी दुसऱ्या लोकांकडून जवळपास हेच ऐकलेलं आहे.

आधी बघणी करायला एक मुलगा आला, शर्ट इन केलेला, हातात टॉर्च आणि टॅब. माळ्यावर, पलंगाखाली, जिन्याच्या कोपऱ्यात टॉर्च मारून बघितलं आणि मग सगळ्या मुली जमल्यावर टॅबवर फोटो दाखवायला लागला. एक चकचकीत काळा कोळी, पोटावर लाल खूण, आणि दुसऱ्या फोटोत कुणाचंतरी सडलेलं बोट, दिवसेंदिवस काळं पडत गेलेलं. म्हणाला काकू, ह्यातला एखादा जरी चावला तर बोट काढायची वेळ येते, मुली ठेवता तुम्ही, जबाबदारी तुमची. झुरळ-मुंग्यांचं साधं पॅकेज १८०० रुपये आणि कोळ्यांचं वेगळं १५००, वर्षाचा करार. त्या मुलीचा चेहरा मी बघत होते, पांढरा फटक पडला होता. तिची भीती कमी करायला बोलावलेला माणूस तिची भीती दुप्पट करून गेला, आणि माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे. बाकीच्या नंतर.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवलंय, आता रिटायर आहे, त्यामुळं ते फोटो बघून मला राहवलं नाही. काळा कोळी म्हणजे ब्लॅक विडो आणि बोट सडवणारा म्हणून दाखवतात तो ब्राउन रिक्लूज, हे दोन्ही अमेरिकेतले गाजलेले कोळी. ह्यांच्या जातभाईंची नोंद आपल्या देशातसुद्धा आहे, नाही असं नाही, पण लातूरच्या स्लॅबच्या घरातल्या बाथरूमात बसतो तो हा नव्हे. आणि अमेरिकेतसुद्धा काय होतं ते ऐका. कॅन्सस राज्यात एका कुटुंबाच्या घरात सहा महिन्यांत तब्बल २,०५५ ब्राउन रिक्लूज पकडले गेले, २००२ मध्ये त्यावर शोधनिबंध छापून आला. लेकराबाळांसकट माणसं त्याच घरात वर्षानुवर्षं राहत होती आणि कुणालाही चावा झाला नाही. कोळ्याला माणसात काही रस नाही. तो रक्त पीत नाही, माणूस त्याचं खाद्य नाही, तो चावतो ते फक्त अंगाखाली चेपला गेला, कपड्यात किंवा बुटात अडकला आणि पळायला जागाच राहिली नाही तर.

आमच्या घरात आहेत तरी कोण ते सांगते, कारण ओळख पटली की अर्धं काम होतं. कोपऱ्यात उलटा लटकणारा, केसासारख्या लांब पायांचा, हात लावला की जाळ्यातच गरगर थरथरतो तो. ह्याच्याबद्दल एक अफवा फिरत असते की जगात सगळ्यात जहाल विष ह्याचंच, फक्त दात छोटे म्हणून आपण वाचतो. साफ खोटं. तो डास पकडतो, बारीक किडे पकडतो, इतर कोळीसुद्धा खातो, माणसाला त्याच्यापासून काही नाही. दुसरा खिडकीपाशी टुणटुण उड्या मारणारा बारीक कोळी, पुढं दोन मोठे डोळे आणि बाकीचे सहा बाजूला, बोट पुढं केलं की वळून बघतो. शाळेतल्या लेकरांना मी हाच दाखवायची, सगळ्यांना आवडायचा. आणि तिसरा तो मोठा, ज्याच्यामुळं हे सगळं झालं. चपटा, भुरा, पाय पसरले तर तळहाताएवढा, तोंडाजवळ फिकट पट्टी. जाळं विणत नाही, रात्री भिंतीवरून पळत शिकार करतो, आणि त्याची आवडती शिकार म्हणजे झुरळ. इंग्रजीत ह्याला हंट्समन म्हणतात. मादी पोटाखाली पांढरी चपटी अंड्यांची पुडी धरून फिरते, जवळपास एक रुपयाच्या नाण्याएवढी, आणि ती पुडी दिसली की आपल्याकडं बायका जास्तच घाबरतात. मी एकदा टॉर्च धरून जवळून बघितली ती, पुडी इतकी घट्ट धरलेली की पळतानासुद्धा सोडत नाही, फक्त पुडी जपत असताना तिला डिवचलं तर ती चावू शकते.

हा मोठा चावला तर काय? दुखतं, जागा सुजते, काही तासांत नाहीतर फार तर एक-दोन दिवसांत उतरतं. साबणानं धुवायचं, बर्फ कपड्यात गुंडाळून लावायचा, झालं. बोट सडत नाही. ऑस्ट्रेलियात, म्हणजे जिथं कोळ्यांची खरीच भीती बाळगावी असे कोळी आहेत तिथं, ७५० चाव्यांचा अभ्यास झाला होता, २००२ मध्ये छापून आला. त्यात अट अशी की चावलेला कोळी पकडून आणलेला पाहिजे आणि जाणकारानं तो ओळखलेला पाहिजे, नुसतं कोळीच असंल म्हणून चालणार नाही. त्या ७५० मध्ये एकाचंही मांस सडलं नाही. बहुतेकांना थोडं दुखलं आणि बरं झालं, जास्त त्रास झाला तो मुख्यत्वे रेडबॅक नावाच्या तिथल्या कोळ्याचा. सिडनीकडचा फनेल वेब तर जगातल्या जहाल कोळ्यांपैकी एक, त्यानं पूर्वी १३ माणसं गेल्याची नोंद आहे, पण १९८१ मध्ये त्याचं विष उतरवणारं इंजेक्शन निघालं आणि त्यानंतर त्याच्या चाव्यानं एकही मृत्यू नाही. जगात कोळ्यांच्या ५० हजारांवर जाती नोंदल्या गेल्यात, त्यातल्या माणसाला खरोखर धोका करू शकणाऱ्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच गटातल्या. आपल्याकडं घाटातल्या जंगलात झाडाच्या ढोलीत राहणारे मोठे केसाळ कोळी आहेत, त्यांच्या चाव्यानं स्नायूंत गोळे येऊन चांगलाच त्रास होतो, पण ते जंगलातले, बाथरूमातले नाहीत.

आता सर्व्हिसचं सांगते.

पहिल्या वेळी जो आला त्यानं भांडी झाका म्हणून सांगितलं नाही, मीच पळत जाऊन झाकली. आमच्याकडं, म्हणजे अख्ख्या लातुरातच, पाणी साठवून ठेवायची सवय आहे. नळ रोज येत नाही आणि २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते कुणी विसरलेलं नाही, त्यामुळं घरात ड्रम, टाक्या, घागरी भरलेल्या असतात. त्यानं ड्रमच्या मागच्या भिंतीवर फवारा मारला, ड्रम उघडा. मी थांबवलं. औषध कोणतं विचारलं तर म्हणाला हर्बल आहे, वास येत नाही. डबा दाखव म्हणलं तर गाडीत आहे. वास न येणं म्हणजे निर्धोक नव्हे. घरगुती फवारणीत बहुतेक सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली औषधं असतात, माशांना ती फार जहाल, घरात फिशटँक असंल तर तो बंद करून झाकावा लागतो, मांजरांनासुद्धा ह्यातली काही चालत नाहीत. डब्यावर रंगीत त्रिकोणाची खूण असते, लाल म्हणजे सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. ती खूण बघायचा आपल्याला हक्क आहे, आणि पेस्ट कंट्रोल करणाऱ्याकडं कृषी विभागाचं लायसन असावं लागतं, तेही विचारा, लाजू नका.

झुरळांसाठी त्यांनी ओट्याखाली, सिलेंडरमागं, फ्रिजच्या मोटरपाशी जे जेल लावलं ते मात्र मी मनापासून चांगलं म्हणीन. दाण्याएवढे ठिपके, ना वास ना घाण, आणि झुरळं खरंच गेली, महिनाभरात दिसायची बंद झाली. ह्या कामाला ५ पैकी ४.

कोळ्यांचं म्हणाल तर दोन आठवड्यांत बाथरूमात तोच प्रकार परत. फोन केला, दुसऱ्या वेळी एक वयस्कर टेक्निशियन आला, उस्तुरीकडचा, आणि ह्या माणसानं मला जे खरं ते सांगितलं म्हणून त्याचा मान राखून लिहिते. म्हणाला, "काकू, कोळी औषध अंगावर पडलं तरच मरतोय. भिंतीवर मारून ठेवलेलं त्याला लागत नाही. झुरळ पोट घासत चालतंय, मिशा चाटतंय, म्हणून औषध त्याच्या पोटात जातंय. हा पायाच्या टोकावर उभा राहतोय." अगदी बरोबर. शिवाय अंड्यांच्या पुडीत औषध शिरत नाही, आणि कोळी येतात ते किडे खायला, किडे आहेत तोवर एक मेला की दुसरा येणार. त्यानं स्वतःच सांगितलं की कोळ्यांचं वेगळं पॅकेज घेऊ नका, जाळे काढा आणि खिडकीला जाळी बसवा. कंपनीच्या माणसानं कंपनीचंच पॅकेज नको म्हणणं सोपं नसतं. त्या १५०० रुपयांना ५ पैकी १, आणि त्या माणसाला पैकीच्या पैकी.

इथं थोडं विषयांतर करते पण हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. आपल्याकडं अंगावर काहीही उठलं की कोळी मुतला, कोळी फिरला म्हणायची रीत आहे. पावसाळ्यात सकाळी उठल्यावर मानेवर नाहीतर गालावर भाजल्यासारखा लाल पट्टा, त्यात बारीक फोड, आग आग. हे कोळ्याचं नसतंच. ट्यूबलाइटला येणारा एक तांबडा-काळा बारीक लांबट किडा असतो, तो चावत नाही, पण अंगावर चिरडला की त्याच्या अंगातलं द्रव्य कातडी भाजतं, आणि फोड दुसऱ्या दिवशी दिसतात म्हणून कुणाला किडा आठवत नाही. तो अंगावर बसला तर चिरडायचा नाही, फुंकर मारून उडवायचा आणि जागा साबणानं धुवायची. दुसरं, अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यानं उठलेले फोड आणि ठणका म्हणजे नागीण. हीसुद्धा कोळ्यानं होत नाही, लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू अंगात दबून बसलेला असतो तो उठतो. ह्याच्यावर गोळ्या आहेत आणि त्या पहिल्या ७२ तासांत सुरू केल्या तर जास्त गुण येतो, आणि आपण काय करतो, तर ते तीन दिवस गेरू नाहीतर कसलातरी लेप लावण्यात घालवतो. आमच्या गल्लीतल्या एका मावशींना शुगर आहे, पायाला बारीक जखम झाली, घरच्यांनी कोळी चावला म्हणून चुना लावला आणि जखम चिघळत गेली, सरकारी दवाखान्यात नेईपर्यंत पाय गुडघ्यापर्यंत सुजला होता. पाय वाचला, पण महिने गेले. कोळी कुणी बघितलाच नव्हता. आपल्याकडं कोळ्याच्या नावानं जे नुकसान होतं ते असं होतं, आणि म्हणून मला असे सडलेल्या बोटाचे फोटो दाखवणाऱ्यांचा राग येतो. रांगेत उठलेल्या गांध्या असतील तर गादीत ढेकूण बघा. जखम पसरायली, पू आहे, ताप आहे तर कोळी की काय ह्याच्या चर्चेत न पडता डॉक्टरकडं जा.

आणि जपायचंच असेल तर विंचवाला जपा. लाल विंचू आपल्या मराठवाड्यात आहेच, दगडाच्या ढिगात, सरपणात, जुन्या माळवदाच्या घरात तर हमखास. लहान लेकराला चावला, घाम सुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले तर एक मिनिट घालवू नका. ह्याच विंचवाच्या विषावर प्राझोसिन नावाचं औषध चालतं हे दाखवून देणारे डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्या जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. महाडला राहून त्यांनी हे काम केलं, १९८२ पासून लॅन्सेटसारख्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि जिथं शंभरातली चाळीसेक माणसं दगावायची तिथं तो आकडा एकावर आला. २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली त्यांना. मी वर्गात हे सांगायची तेव्हा लेकरं ताठ बसायची, आपल्याकडचा माणूस म्हणून. तसंच मण्यार. रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, खूणही धड दिसत नाही, आणि पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात. असं काही झालं तर कोळी चावला असंल म्हणून सकाळची वाट बघायची नाही, १०८ ला फोन करायचा. गावाकडं गेलं की मुलींना मी सांगते, खाली झोपू नका, मच्छरदाणी गादीखाली खोचून घ्या, बूट झटकून घाला.

आता त्या मुलीचं. वरची सगळी माहिती मी तिला सांगितली होती बरं का, आणि तिला ती आधीच माहीत होती, संधिपाद प्राण्यांचा धडा तिला तोंडपाठ, कोळ्याला आठ पाय, तो कीटक नव्हे, सगळं. तरी अंग कापायचंच. भीती अशी माहितीनं जात नाही, आणि घाबरणाऱ्याला एवढी मोठी झाली तरी घाबरतेस म्हणून हसणं तर अगदीच वाईट, दुसऱ्या मुलींना मी तशी सक्त ताकीद दिली होती. ह्या भीतीवर उपचार आहेत आणि ते चांगले लागू पडतात. स्वीडनमधल्या ओस्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९८९ मध्ये मांडलेली एक पद्धत आहे, तज्ज्ञ सोबत बसून जास्तीत जास्त तीन तासांच्या एकाच बैठकीत, माणसाच्या संमतीनं, एक एक पायरी जवळ नेतात. जबरदस्ती नाही, अचानक अंगावर टाकणं नाही. तिच्या वडिलांना मी सांगितलं की टेली मानस ह्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. त्यांनी आधी वेड्यासारखं काय म्हणून नाही म्हणलं, मग मुलीनंच फोन केला आणि पुढं इथल्या समुपदेशक बाईंकडं जाऊन आली.

घरी आम्ही एवढंच केलं की मारायचं बंद केलं. रुंद तोंडाची पारदर्शक प्लास्टिकची बरणी ठेवली बाथरूमबाहेर आणि जुन्या कॅलेंडरचं जाड पान. कोळी बसला की बरणी हळूच त्याच्यावर पालथी, पान खालून सरकवायचं, आणि गच्चीवर नेऊन कुंडीत सोडायचं. आधी मी करायची आणि ती जिन्यातून बघायची. मग दारातून. मग एकदा तिनं पान धरलं, बोटं पांढरी पडेपर्यंत घट्ट, आणि मला विचारलं, काकू ह्याचे डोळे कुठंयत. आम्ही दोघींनी बरणीला डोळा लावून मोजले, चार खाली चार वर. अजूनही तिला तो आवडत नाही आणि आवडायची काही गरजही नाही, पण आता ती बाथरूमला जाते, पाणी पिते, झोपते. परवा तिच्या आईनं गावाकडून शेंगदाण्याचे लाडू डबाभर पाठवले.

ब्रश. गंजगोलाईत झाडू-दोऱ्यांच्या दुकानात लांब होणारा, गोल डोक्याचा जाळे काढायचा ब्रश मिळतो, ३५० सांगतात, घासाघीस केली की थोडं कमी होतं. दांडी स्टीलची घ्या, ॲल्युमिनियमची वाकते, आणि फिरवून घट्ट होणारा चिमटा दुकानातच दोन-चारदा उघडून बघा, आमचा पहिला तिथंच सटकत होता म्हणून बदलून घेतला. आठवड्यातून एकदा कोपरे, पंख्यावरची जागा, जिन्याखाली फिरवला की जळमटं राहत नाहीत. मी मात्र खिडकीबाहेरचं जाळं ठेवते, डास तिथंच अडकतात, घरात येत नाहीत. सासूबाई असत्या तर ठेवू दिलं नसतं, संध्याकाळी दिवेलागणीला जळमट दिसू नये म्हणायच्या.

जाळीचं काम सगळ्यात उपयोगाचं निघालं. बाथरूमच्या झरोक्याला आणि वरच्या खिडक्यांना चुंबकाच्या पट्टीची नेट बसवून घेतली, काढून धुता येते. बसवणारा पोरगा औसा रोडकडचा, मापात चोख, कोपरे नीट कापले. दाराखालच्या फटीला रबरी पट्टी त्यानंच सुचवली आणि तिच्यामुळं झुरळं, विंचू, पाली सगळ्यालाच आळा बसला. जिन्यातला पांढरा भगभगीत बल्ब काढून पिवळा लावला, किडे लगेच कमी झाले, आणि किडे कमी म्हणजे त्यामागं येणारे कोळी कमी. पाण्याच्या ड्रमवर सुती कापड बांधतो, डास घटले. हे सगळं मिळून कोळ्यांच्या पॅकेजपेक्षा जरा महाग पडलं, पण एकदाच.

कंपनीचा रिन्युअलचा फोन येऊन गेला. झुरळांच्या जेलचं घेईन म्हणलं, फवारणी नको, आणि येणार असाल तर तो उस्तुरीकडचा माणूस पाठवा. बघू पाठवतात का. जाळीवाल्याला सांगायचं असंल तर पावसाळ्याआधीच सांगून ठेवा, कारण जूनमध्ये नव्या बॅचची लेकरं आली की सगळ्या रूमवाल्यांचं काम एकदम निघतं आणि दिवाळीपर्यंत त्याचा नंबर लागत नाही.